नेहमीच्या खोकल्याची मोजदाद

(जागतिक सी.ओ.पी.डी. दिनाच्या निमित्ताने आयोजित केलेल्या देणगीदार व रुग्ण-नातेवाईक मेळाव्यात रुग्णालयाच्या छातीरोग तज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोव्हेंबर महिन्यातील तिसरा बुधवार हा २००२ सालापासून फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकारांविषयी जागृती करण्यासाठी जगभर पाळला जातो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे दिवस सुगीचे असतात. बांध्यांतील धान कापून झालेले असते, मळणी सुरू असते, गावोगावी मंडई भरलेली असते आणि पहाटे अंगणात शेकोट्या पेटलेल्या असतात. आमच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र याच दिवसांत बाकांवर जागा उरत नाही. थंडी, धानाची धूळ आणि धूर यांनी वर्षभर दबून राहिलेला विकार डोके वर काढतो, आणि तिरोड्यापासून देवरीपर्यंतची माणसे धापा टाकीत दाराशी येतात.

अशाच एका हिवाळ्यात जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका गावातून एक माऊली आमच्याकडे आल्या. वय साठीच्या आतबाहेर. मुलाने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून, पाठीशी बांधून आणले होते. दोन्ही पायांवर सूज होती, ओठ निळसर पडले होते, आणि एक वाक्य पुरे करण्यासाठी त्यांना दोनदा थांबावे लागत होते. त्यांनी जन्मात कधी विडी ओढली नव्हती. पण तीस वर्षे विड्या वळल्या होत्या, आणि त्याहून अधिक वर्षे चुलीपुढे काढली होती. दम कधीपासून लागतो असे विचारले, तर उत्तर आले, "दोन वर्षं झाली." खोकला कधीपासून आहे असे विचारले, तेव्हा त्या जरा आश्चर्यानेच म्हणाल्या, "खोकला त नेहमीचाच आहे साहेब, त्याचं काय सांगाचं?"

आज मी जे सांगणार आहे ते सारे या एका उत्तराभोवती आहे. जो खोकला 'नेहमीचा' म्हणून कोणी मोजला नाही, तोच हा रोग होता. दम लागणे ही त्याची सुरुवात नव्हती. पंधरा-वीस वर्षे मूकपणे चाललेल्या नासाडीचा तो उशिरा लागलेला हिशेब होता.

रोगाचे नाव आणि ओळख

या विकाराला वैद्यकशास्त्रात क्रॉनिक ब्राँकायटिस, म्हणजेच दीर्घकालीन श्वासनलिकादाह असे म्हणतात. ब्राँकायटिस हा शब्द इंग्लंडमधील डॉ. चार्ल्स बॅडहॅम यांनी १८०८ साली वापरात आणला. पुढे दीडशे वर्षे हा रोग 'म्हाताऱ्यांचा खोकला' म्हणून दुर्लक्षितच राहिला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले, आणि पहिल्या काही आठवड्यांतच सुमारे ४,००० माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली. त्यांत आधीपासून छातीचा विकार असलेली माणसे मोठ्या संख्येने होती. या आघातानंतर १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि या रोगाचा पद्धतशीर अभ्यास जोमाने सुरू झाला.

त्याच अभ्यासातून १९६५ साली ब्रिटिश तज्ज्ञांनी जी व्याख्या निश्चित केली, ती आजही उपयोगी पडते. वर्षातील किमान तीन महिने, बहुतेक दिवशी, बेडक्यासह खोकला येणे आणि असे लागोपाठ दोन वर्षे होणे. व त्याला क्षयरोगासारखे दुसरे कारण नसणे, म्हणजे दीर्घकालीन श्वासनलिकादाह. या व्याख्येत कोणतेही यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. बोटांवर महिने मोजता येतील त्या प्रत्येकाला ती लावता येते.

हा रोग विरळ नाही. आपल्या देशात निरनिराळ्या शहरी व ग्रामीण केंद्रांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ३५ वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारे साडेतीन जणांना हा विकार होता. हजार प्रौढांच्या गावात असे तीस-पस्तीस जण असावेत, आणि त्यांतील बहुतेकांनी डॉक्टरांना आपला खोकला कधी सांगितलेला नसावा.

श्वासनलिकेत नेमके काय घडते

आपण दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत-बाहेर करतो. ही हवा घशातून मुख्य श्वासनलिकेत, तेथून झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटत गेलेल्या लहान लहान नलिकांत आणि शेवटी कोट्यवधी वायुकोशांत पोहोचते. हवेबरोबर येणारी धूळ अडविण्यासाठी निसर्गाने दोन पहारेकरी ठेवले आहेत. एक म्हणजे नलिकेच्या अस्तरावरील चिकट कफाचा पातळ थर, आणि दुसरा म्हणजे त्या थराला सतत वर ढकलणारे सूक्ष्म केस. धानाच्या पिकावरून वारा जावा तसे हे केस एका लयीत हलतात आणि धुळीसह कफ घशाकडे आणतात. निरोगी माणूस तो नकळत गिळून टाकतो.

धूर वर्षानुवर्षे आत जात राहिला म्हणजे दोन गोष्टी एकदम घडतात. केस दुबळे होतात व गळून पडतात; आणि धुराने चेतविलेल्या कफग्रंथी आकाराने वाढून कितीतरी अधिक कफ तयार करू लागतात. आवक वाढली आणि निचरा थांबला, अशी ही अवस्था. आता कफ बाहेर काढण्यासाठी शरीरापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे खोकला. म्हणून सकाळी उठल्याबरोबर ढास लागते. साचलेल्या कफात जंतू वाढतात, दर हिवाळ्यात छाती भरते, आणि प्रत्येक वेळी नलिकेच्या भिंतीला सूज येऊन ती थोडी अधिक जाड, थोडी अधिक अरुंद होते.

नलिका अरुंद होण्याचा परिणाम आपल्या कल्पनेपेक्षा मोठा असतो. भौतिकशास्त्राच्या नियमानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट होत नाही. तो सोळापट होतो. तरीही माणसाला बराच काळ काही जाणवत नाही, कारण लहान नलिका संख्येने पुष्कळ असतात आणि काही बंद पडल्या तरी उरलेल्या काम भागवितात. मोठा राखीव साठा संपत आला म्हणजेच धाप लागते. तोवर सुमारे निम्मी श्वासशक्ती गेलेली असू शकते.

धाप लागलेला रुग्ण म्हणतो, श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण बहुधा उलट असते. श्वास आत घेताना छाती फुलते आणि नलिका ताणल्या जाऊन थोड्या उघडतात. सोडताना त्या दबतात आणि अरुंद झालेल्या नलिका पूर्ण मिटतात. जुनी हवा आत अडकून राहते, छाती पिंपासारखी फुगते, आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. पुष्कळ रुग्णांत याच्या जोडीला वायुकोशांच्या भिंती फाटण्याचा विकारही असतो. श्वासमार्गातील हा कायमचा अडथळा ठरला, म्हणजे त्या एकत्रित रोगाला आम्ही सी.ओ.पी.डी. म्हणतो.

आणि पायांवरची सूज? रक्तात प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात. त्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते, आणि पाणी पायांत उतरते. नातेवाईक म्हणतात, आईला हृदयरोग झाला. ते खोटे नसते; पण त्या हृदयरोगाचा जन्म चुलीपाशी झालेला असतो. दिल्लीत डॉ. एस. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात अशा फुप्फुसजन्य हृदयविकाराचा अभ्यास केला, आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाही त्यातून सुटत नाहीत, याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले.

आपल्या जिल्ह्याचा धूर

आता थोडे अवघड बोलायचे आहे. आपला जिल्हा धानाचा आणि तेंदूच्या पानाचा. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा होण्याच्या कितीतरी आधीपासून गोंदियाची ओळख राइस मिलची आणि विडीची आहे. या दोन व्यवसायांनी येथे हजारो चुली पेटत्या ठेवल्या. ज्या घरांतून आपल्या रुग्णालयासारख्या संस्थांना साहाय्य मिळत आले, त्यांतील कित्येक घरे याच व्यवसायांतील आहेत. तो उपकार मनात ठेवूनच मी बोलतो आहे. परंतु डॉक्टरने कारण लपविले, तर औषधाला अर्थ राहत नाही.

विडी लहान दिसते, तिच्यात तंबाखूही सिगारेटपेक्षा कमी असतो. म्हणून ती सौम्य असावी असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा आरपार जात नाही. विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड ही द्रव्ये सिगारेटपेक्षा अधिक प्रमाणात आत जातात. विडी सोडून खर्रा धरणारेही पुष्कळ भेटतात. त्याने श्वासनलिकेवरचा मार थांबेल, पण तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण जाईल. हा सौदा कोणी करू नये.

विडी वळणाऱ्या भगिनी बहुतांशी घरीच काम करतात. मांडीवर सूप, त्यात पान आणि तंबाखूची भुकटी, आणि त्याच खोलीत निजलेले लेकरू. ही भुकटी श्वासावाटे आत जाऊन नलिकांना चेतविते. राइस मिलमधील हमाल व कामगार तुसाच्या आणि कोंड्याच्या धुळीत दिवस काढतात. मळणीच्या वेळी शेतकरी तीच धूळ घेतात, आणि नंतर बांधीत तणस पेटविले जाते.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चूल. लाकूड, गोवऱ्या आणि तुरीच्या काड्या जाळणाऱ्या बंद स्वयंपाकघरात स्त्रीचे आयुष्यातील कित्येक हजार तास जातात. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गॅसची शेगडी पुष्कळ घरांत आली. परंतु सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून आंघोळीचे पाणी आणि भात चुलीवरच होतो. शेगडी घरात असणे आणि धूर घरात नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री धानाच्या पट्ट्यातील डासांसाठी अगरबत्ती लावली जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डासांची एक अगरबत्ती जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे आढळले. मच्छरदाणी हे अधिक चांगले आणि शेवटी अधिक स्वस्त औषध आहे.

गेलेले परत येत नाही, गळती मात्र थांबते

रुग्णांचे नातेवाईक विचारतात, हा रोग बरा होईल का? खरे उत्तर असे की, अरुंद झालेल्या नलिका आणि फाटलेले वायुकोश पूर्ववत होत नाहीत. पण हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे.

अमेरिका व कॅनडा येथे हजारो धूम्रपान करणाऱ्यांची अकरा वर्षे पाहणी झाली. त्या सर्वांना या रोगाची सौम्य सुरुवात झालेली होती. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे प्रमाण वेळोवेळी मोजण्यात आले. ज्या पुरुषांनी धूम्रपान कायमचे सोडले त्यांच्यात ते वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने घटले. वयपरत्वे निरोगी माणसातही साधारण इतकी घट होतेच. ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यात घट ६६ मिलिलिटर होती. फरक दिसायला क्षुल्लक आहे. पण वीस वर्षांचा हिशेब केला तर तो जवळजवळ पाऊण लिटर होतो. स्वतःच्या पायांनी शेतावर जाणे आणि खाटेवरून न्हाणीपर्यंत जाताना बसावे लागणे, यांमधील अंतर बहुधा एवढेच असते.

म्हणून निदान वेळेवर व्हायला हवे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर प्रथम बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी करावी. ती शासकीय केंद्रांत विनामूल्य होते. क्षय नाही असे कळल्यावर 'काही नाही' म्हणून घरी जाऊ नये. स्पायरोमीटर नावाच्या यंत्रात रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकायचे असते. निरोगी प्रौढ आपल्या छातीतील बाहेर टाकता येणाऱ्या हवेपैकी ७० टक्क्यांहून अधिक हवा पहिल्या सेकंदात टाकतो. हे प्रमाण औषध देऊनही त्याखाली राहिले, तर अडथळा आहे असे समजावे. क्ष-किरण चित्र पुष्कळदा स्वच्छ दिसते. एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

उपचारांत सर्वांत मोठा उपचार धूर थांबविणे हाच आहे. त्यानंतर श्वासावाटे घेण्याची औषधे येतात. 'पंपाची सवय लागते' ही भीती निराधार आहे. चष्म्याची लागते तेवढीच ती लागते. ही औषधे थेट नलिकेत जातात, म्हणून अल्प मात्रेत काम करतात. प्लॅस्टिकची नळकांडी जोडून पंप घेतल्यास औषध घशात वाया न जाता छातीत पोहोचते. उलट, दम लागला की गावात सुई टोचून घेणे आणि कोणत्या आहेत हे न विचारता स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने खाणे, याने हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते. इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनिया यांच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

घरच्यांसाठी काही गोष्टी सांगतो. रुग्णाने नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा; त्याने नलिका मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. झेपेल तेवढे रोज चालावे. दमाच्या भीतीने बसून राहिल्यास स्नायू जातात आणि दम अधिकच वाढतो. बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, प्रमाण वाढले, किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर वाट न पाहता यावे. गुंगी येणे, बोलणे असंबद्ध होणे, ओठ निळे पडणे ही तातडीची लक्षणे होत.

प्राणवायूविषयी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. ज्यांच्या रक्तात तो कायम फारच कमी असतो, त्यांना रोज किमान पंधरा तास दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी दाखवून दिले. परंतु जास्त दिला म्हणजे जास्त चांगला, असे नाही. या रुग्णांत बोटावरच्या यंत्रातील आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राखणे हितकर असते. मायेपोटी कळ पूर्ण फिरवली, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. आणि प्राणवायूच्या जवळ विडी, चूल वा दिवा कदापि नको.

देणगीदारांना विनंती

आपल्या देणगीतून खाटा आणि इमारती उभ्या राहतात, त्यांवर नाव लागते, ते योग्यच आहे. आज मी अशा गोष्टी मागतो आहे, ज्यांवर पाटी लावता येणार नाही. स्पायरोमीटर घेऊन आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यात जाणारे पथक. गरीब रुग्णाला घरी वापरण्यासाठी प्राणवायूचे यंत्र आणि वीज गेल्यास सोबत एक लहान सिलिंडर. प्रत्येक रुग्णामागे एक नळकांडी. ज्यांच्या मिल आहेत त्यांनी धूळ ओढून घेणारी व्यवस्था आणि कामगारांना चांगल्या प्रतीचे मास्क द्यावेत. ज्यांचा विडीशी संबंध आहे त्यांनी वळणाऱ्या भगिनींसाठी हवेशीर ओसरी आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी एवढे पाहावे. ही भिक्षा नव्हे. ज्यांच्या श्वासावर व्यवसाय चालला, त्यांचे ते देणे आहे.

शेवटी पुन्हा त्या माऊलींकडे येतो. त्या नऊ दिवस आमच्याकडे होत्या. सूज उतरली, बोलणे सुधारले, आणि प्राणवायूचे यंत्र घेऊन त्या घरी गेल्या. आता त्या ओसरीवर बसून नातवंडांना हाका मारतात. चुलीपुढे मात्र बसत नाहीत. निघताना मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, मी आईला दहा वर्षं आधी आणलं असतं तर?" त्याला काय सांगावे हे मला सुचेना. तेवढ्यात तो स्वतःच खोकला. विचारले, तर म्हणाला, "थोडासा आहे, सकाळी सकाळी. तीनेक हिवाळे झाले." खिशात विडीचा कट्टा होता. वय चौतीस. मी त्याला आत नेऊन यंत्रात फुंकायला लावले. आकडे अजून जवळजवळ चांगले होते.

मी त्याला एवढेच म्हटले, "तुम्ही दहा वर्षं आधी आला आहात."

आपल्या घरात, शेजारी, मिलमध्ये, ओसरीवर असा कोणी तरी आहे. त्याचा खोकला नेहमीचा आहे, म्हणूनच तो आज मोजा.